चुन्याची निवळी, समुद्र आणि प्रवाळ

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. 'उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झाले' असे वहीत लिहून प्रयोग संपवला जातो. पुढच्या वेळी हा प्रयोग तिथेच थांबवू नये, अशी आमची शिक्षकांना विनंती आहे. कार्बन डायऑक्साइड निवळीत जातच राहिला, तर थोड्या वेळाने दुधाळपणा कमी होऊ लागतो आणि अखेर पाणी पुन्हा स्वच्छ होते. ज्या वायूने चुनखडी तयार केली, त्याच वायूने ती विरघळवलीही.

आज जगातल्या प्रवाळभित्तींवर आलेल्या एका मोठ्या संकटाचे रसायनशास्त्र या साध्या प्रयोगात सामावलेले आहे. 'सागरी आम्लीकरण' हा शब्द अलीकडे वारंवार कानांवर येतो. परंतु त्यामागची रासायनिक क्रिया नेमकी कोणती, याविषयी पुष्कळ गोंधळ आढळतो. तो दूर करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रयोग थोडा नीट करू

आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ४ टक्केच असते. त्यामुळे दाट निवळीत कितीही फुंकले तरी ती पूर्ण स्वच्छ होत नाही. म्हणून एक भाग निवळीत चार ते पाच भाग शुद्ध पाणी किंवा पावसाचे पाणी मिसळावे. फुंकण्याऐवजी एका बाटलीत खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून निघणारा वायू नळीने निवळीत सोडावा. फक्त वायूच जावा, फेस जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी; कारण फेसाबरोबर व्हिनेगर गेले तर प्रयोगाला अर्थ उरत नाही.

प्रथम निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने पाणी दुधाळ दिसते. वायू पुढे चालूच ठेवला की दुसरी क्रिया सुरू होते:

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम बायकार्बोनेट

कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळते, म्हणून दुधाळपणा जातो. आता हे स्वच्छ पाणी परीक्षानळीत घेऊन उकळावे. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी पुन्हा गढूळ होते. म्हणजे ही क्रिया दोन्ही दिशांनी चालणारी आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की ती एका दिशेने जाते, कमी झाला की उलट दिशेने. हे एक वाक्य विद्यार्थ्यांच्या मनात पक्के झाले, की पुढचा भाग सोपा आहे.

समुद्रातील कार्बनची तीन रूपे

हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात सतत विरघळत असतो. पाण्याशी संयोग होऊन त्याचे कार्बनिक आम्ल बनते. हे आम्ल एक हायड्रोजन आयन सोडून देते व बायकार्बोनेट उरते. बायकार्बोनेटने आणखी एक हायड्रोजन आयन सोडला की कार्बोनेट उरते. अशा रीतीने समुद्रातील असेंद्रिय कार्बन तीन रूपांत वावरतो. पृष्ठभागाजवळच्या पाण्यातील अशा कार्बनचे शंभर भाग कल्पिले, तर त्यांतील सुमारे ९० भाग बायकार्बोनेट, ९ भाग कार्बोनेट आणि अवघा १ भाग नुसता विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो.

आता एक प्रश्न वर्गात जरूर विचारावा. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. मग समुद्रात कार्बन डायऑक्साइड जास्त गेला तर कार्बोनेटही वाढेल आणि प्रवाळाची चंगळ होईल, नाही का?

बहुतेक विद्यार्थी 'हो' म्हणतील. ही चूक स्वाभाविक आहे. कारण कच्चा माल वाढला की पक्का माल वाढतो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे मात्र उलटे घडते. नव्याने आलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जे हायड्रोजन आयन मोकळे होतात, ते मोकळे राहत नाहीत. त्यांतील बहुतेक आधीच पाण्यात असलेल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतात आणि त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. सारी गोळाबेरीज अशी:

कार्बन डायऑक्साइड + पाणी + कार्बोनेट → २ बायकार्बोनेट

पाण्यातील एकूण कार्बन वाढला, बायकार्बोनेट वाढले, पण कार्बोनेट घटले. शंभरातले जे ९ भाग प्रवाळाच्या दृष्टीने मोलाचे, तेच खर्ची पडतात. निवळी पुन्हा स्वच्छ होताना जे घडते, तेच हे.

सामूचा हिशेब

पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण सामूने, म्हणजेच पीएचने मोजतात. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी सुचवली. ती लॉगरिथमवर आधारलेली आहे, हे विसरले की आकडे फसवतात. औद्योगिक युगापूर्वी समुद्राच्या पृष्ठजलाचा सामू सरासरी ८.२ च्या आसपास होता. आज तो ८.१ च्या आसपास, किंबहुना त्याच्या किंचित खाली आहे. फरक फक्त ०.१! पण लॉगरिथमच्या कोष्टकात ०.१ चा प्रतिलॉग पाहावा. तो १.२५९ येतो. म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित करून घेण्याजोगे आहे.

या बदलाचे कारण हवेत आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून आणि जंगले तोडून माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. समुद्राने हे काम केले नसते, तर पृथ्वी आजच्यापेक्षा अधिक तापली असती. त्या उपकाराची किंमत समुद्राच्या रसायनाने मोजली आहे. हवाईजवळच्या खुल्या समुद्रात १९८८ पासून चाललेल्या मोजणीत सामू दर दहा वर्षांना साधारण ०.०२ ने उतरताना दिसतो.

'आम्लीकरण' या शब्दाने मात्र गैरसमज होऊ देऊ नये. समुद्र आम्लधर्मी झालेला नाही, आणि नजीकच्या काळात होणारही नाही. सामू ७ च्या वर आहे तोवर पाणी आम्लारिधर्मीच. पारा ४० अंशांवरून ३५ वर आला तर आपण हवा थंडावली म्हणतो, थंडी पडली म्हणत नाही. तसेच हे आहे. शब्द दिशा सांगतो, मुक्काम नव्हे.

याच कारणासाठी, शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून 'पाहा, समुद्रात असे होते' असे दाखवण्याच्या प्रयोगाबाबत आम्ही सावध राहायला सांगू. व्हिनेगरचा सामू ३ च्या आत असतो. समुद्र तसा कधीच होणार नाही. तो प्रयोग कार्बोनेटची ओळख पटवण्यासाठी चांगला आहे, पण सागरी आम्लीकरणाचे चित्र त्यातून चुकीचे उभे राहते. मुख्य प्रश्न आम्लात शिंपले विरघळण्याचा नसून घर बांधणाऱ्याला लागणारे सामान महाग होण्याचा आहे.

प्रवाळ आपले घर कसे बांधते

एक लिटर समुद्रजलात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उष्ण कटिबंधात कॅल्शियमच्या आयनांची संख्या कार्बोनेटच्या आयनांच्या चाळीस ते पन्नास पट भरते. तेव्हा कॅल्शियमची टंचाई कधीच नसते. अडते ते कार्बोनेटवर. या दोहोंच्या प्रमाणांचा गुणाकार करून तो विद्राव्यतेच्या मर्यादेशी ताडून पाहिला, की पाण्याची संपृक्तता कळते. हा आकडा १ च्या खाली गेला तर कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागते, १ च्या वर असेल तर ते साचू शकते. प्रवाळाचा सांगाडा 'अ‍ॅरागोनाइट' या स्फटिकरूपाचा असतो. कॅल्साइटपेक्षा ते अधिक विद्राव्य आहे. उष्ण कटिबंधातील पृष्ठजलात अ‍ॅरागोनाइटच्या संपृक्ततेचा आकडा औद्योगिक युगापूर्वी साडेचारच्या आसपास होता. आज तो चारच्या थोडा खाली आला आहे.

चार म्हणजे १ च्या कितीतरी वर. मग प्रवाळाला चिंता कशाची? पूर्वी शास्त्रज्ञांचाही असाच समज होता. त्याला धक्का दिला तो अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात काचेखाली उभारलेल्या 'बायोस्फिअर २' मधील कृत्रिम समुद्राने. सुमारे २६ लाख लिटरच्या या टाकीत ख्रिस लँग्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पाण्याचे रसायन बदलून पाहिले. संपृक्तता १ च्या बरीच वर असतानाही ती जसजशी उतरली, तसतशी प्रवाळसमूहाची चुनखडी बांधण्याची गती मंदावली.

याचे कारण प्रवाळाच्या शरीरात आहे. प्रवाळाचा इवलासा जीव आपल्या पेशींच्या तळाशी, जुन्या सांगाड्याला लागून, द्रवाचा एक अतिशय पातळ थर राखतो. तिथून तो हायड्रोजन आयन बाहेर उपसतो आणि कॅल्शियम आत आणतो. त्यामुळे त्या थरातील बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते आणि स्फटिक वाढू लागतात. हे उपसण्याचे काम फुकट होत नाही; त्याला ऊर्जा लागते. विहिरीतले पाणी खोल गेले तरी रहाट ओढता येतो, पण दम अधिक लागतो. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन वाढले, की प्रवाळाची गत तशीच होते. ती जास्तीची ऊर्जा वाढ, प्रजनन किंवा रोगप्रतिकार यांतून वळवावी लागते.

इथे आणखी एक मजेदार गोष्ट सांगायला हवी. प्रवाळ भरपूर लावले तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतील, असे काही जण सुचवतात. परंतु सांगाडा बांधण्याची क्रिया म्हणजे आपली निवळी उकळण्याची क्रिया. दोन बायकार्बोनेटपासून एक कार्बोनेट बनते आणि एक कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. प्रवाळभित्ती जपायला शंभर कारणे आहेत; हे त्यांपैकी नाही.

खऱ्या प्रवाळभित्तीवरील परीक्षा

टाकीतल्या प्रयोगांवर एक आक्षेप राहतोच, की समुद्रात असेच घडेल कशावरून? याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिण भागातील वन ट्री बेटाजवळ मिळाले. तिथल्या खाजणाची रचना प्रयोगाला सोयीची आहे. ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा उंच राहते आणि प्रवाळांवरून एकाच दिशेने वाहत जाते.

रिबेका ऑलब्राइट, केन काल्डेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाहत्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण सोडले, जेणेकरून पाण्याचे रसायन औद्योगिक युगापूर्वी होते त्याच्या जवळ जावे. सोबत एक रंगही सोडला. प्रवाळ रंग वापरत नाहीत. तो फक्त पाण्यात मिसळून फिका होतो. आम्लारी मात्र मिसळून तर विरळ होतेच, शिवाय चुनखडी बांधताना खर्चही होते. प्रवाहाच्या वरच्या व खालच्या बाजूंस या दोहोंचे गुणोत्तर मोजले, की प्रवाळसमूहाने नेमके किती वापरले ते कळते. पाणी 'जुन्या काळचे' करताच चुनखडी बांधण्याचा निव्वळ वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ गंभीर आहे. आम्लीकरणाचा परिणाम पुढे कधीतरी व्हायचा नसून आजच होत आहे.

नंतर याच गटाने उलट प्रयोग केला. या शतकाच्या अखेरीस समुद्राची जी स्थिती अपेक्षित आहे, तिच्याशी जुळेल इतका कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला. त्या वेळी चुनखडी बांधण्याचा निव्वळ वेग सुमारे ३४ टक्क्यांनी घटला. हे २०१८ मध्ये जाहीर झाले.

'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रवाळभित्ती म्हणजे एक जमाखर्चाचे खाते आहे. प्रवाळ चुनखडी जमा करतात. लाटा, भोके पाडणारे जीव, प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे हे ती खर्ची टाकतात. शिवाय प्रवाळांच्या भुग्याची वाळू रासायनिक रीतीने विरघळते, आणि पाण्यातील बदल या वाळूला प्रवाळापेक्षाही अधिक लवकर जाणवतो. जमेत थोडी घट आणि खर्चात थोडी वाढ झाली, तरी शिल्लक उणे होऊ शकते.

पापुआ न्यू गिनीच्या मिल्ने उपसागरात तर निसर्गानेच हा प्रयोग मांडला आहे. तिथे ज्वालामुखीमुळे समुद्रतळातून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. कॅथरिना फॅब्रिशियस व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, सामू ७.८ च्या आसपास असलेल्या जागी प्रवाळ आहेत, पण फांद्या फुटलेले नाजूक प्रकार विरळ झाले आहेत आणि गोल धोंड्यांसारखे मोजके प्रकार मातले आहेत. फांद्यांच्या आडोशाने राहणाऱ्या खेकडे-कोळंब्यांसारख्या लहान जीवांचा आसरा त्यामुळे जातो. सामू ७.७ च्या खाली गेला, तिथे प्रवाळभित्ती बनणेच थांबले आहे.

वर्गात येणारे प्रश्न

*दिवसा-रात्रीत सामू याहून अधिक बदलतो, मग ०.१ चे एवढे काय?* हे खरे आहे. प्रवाळभित्तीवरील उथळ पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषणाने सामू चढतो आणि रात्री श्वसनाने उतरतो. पण कोकणातील शेतकऱ्याला विचारावे. भरती-ओहोटीने पाणी रोज कित्येक फूट चढते-उतरते, त्याने शेत बुडत नाही. मात्र समुद्राची सरासरी पातळीच हातभर वाढली, तर प्रत्येक उधाण बांधावरून आत येईल. सरासरी सरकली की तिच्याबरोबर टोकेही सरकतात.

*डायनोसॉरच्या काळात हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता, तरी खडूचे डोंगर बनले. ते कसे?* प्रश्न उत्तम आहे. बदल लाखो वर्षांत होतो तेव्हा जमिनीवरील खडक झिजून नद्यांवाटे आम्लारी समुद्रात येते आणि तळावरची चुनखडी विरघळून समतोल साधते. आजचा बदल दोन-अडीचशे वर्षांतला आहे. इतक्या थोड्या अवधीत नद्या हा हिशेब पुरा करू शकत नाहीत. धोका केवळ प्रमाणात नाही, वेगात आहे.

*प्रवाळ पांढरे पडतात ते यामुळेच ना?* नाही. पाणी तापल्यामुळे प्रवाळाच्या शरीरात राहणारी शैवले निघून जातात, त्याने ते पांढरे पडतात. उष्णतेचा हा मार अधिक तातडीचा व मोठा आहे. आम्लीकरण हा दुसरा, सावकाश मार आहे. उष्णतेने मोडलेले घर पुन्हा बांधायची वेळ येते, तेव्हा ते बांधकाम मंद करते. दोन्हींचे मूळ मात्र एकच.

*प्रवाळ यातून सावरू शकतील का?* भूमध्य समुद्रातील दोन जातींची प्रवाळे फाइन व चेर्नोव्ह यांनी अधिक आम्लधर्मी केलेल्या पाण्यात वर्षभर ठेवली. त्यांचा सांगाडा पार विरघळला, पण जीव मेले नाहीत. मऊ, उघडे होऊन जगले. नेहमीच्या पाण्यात परत ठेवताच त्यांनी सांगाडा पुन्हा बांधला. हे संशोधन २००७ मधील आहे. जीव वाचू शकतो, ही आशेची बाजू. पण सांगाड्याविना प्रवाळ असले तरी प्रवाळभित्ती नसते, आणि मासे, खेकडे व किनारे यांना आधार भित्तीचा असतो.

आपल्या जवळचे

हा विषय दूरदेशीचा मानण्याचे कारण नाही. लक्षद्वीपची बेटे तर संपूर्णपणे प्रवाळांच्या चुनखडीवर व वाळूवर उभी आहेत. तिथल्या लोकांच्या पायाखालची जमीनच प्रवाळांनी बांधली आहे. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटर आत 'आंग्रिया बँक' हे पाण्याखालचे पठार प्रवाळांनी समृद्ध आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोलीवरचे, प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड अधिक असलेले पाणी वर येते. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या पाण्याचा दीर्घकाळ अभ्यास करीत आली आहे. अशा पाण्यात मुळातच सवलत थोडी असते; म्हणून सरासरीतील छोट्या घसरणीकडेही लक्ष ठेवावे लागते.

समुद्रात चुना टाकून हे सारे सुधारता येईल का, असेही विद्यार्थी विचारतील. एखाद्या खाजणात प्रयोगापुरते ते जमते, हे आपण पाहिले. अख्ख्या महासागराला पुरेल एवढा चुना भाजायचा, तर त्या भट्ट्यांतूनच पुन्हा कार्बन डायऑक्साइड निघणार. खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे हवेत जाणारा वायू कमी करणे. त्यासाठी काय करायचे, याची चर्चा वर्गात अवश्य व्हावी. पण तिच्याआधी निवळी एकदा दुधाळ आणि मग पुन्हा स्वच्छ होताना प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावी.